पंख निमुळता करा, पण बेतानं!

कॉलेजच्या एअरोमॉडेलिंग टीममध्ये असाल, तर हा सीन तुमच्या ओळखीचा असेल. विमान मस्त उडतं, लँडिंगसाठी वेग कमी करत वळतं आणि अचानक एक पंख खाली टाकून गिरकी घेत जमिनीवर आपटतं. अख्ख्या सेमिस्टरची मेहनत दोन सेकंदांत मातीत! मग खापर फुटतं वाऱ्यावर, नाहीतर रिमोट हातात असलेल्या बिचाऱ्यावर. खरा दोषी बरेचदा वेगळाच असतो : टोकाला नको इतका निमुळता केलेला पंख.

मुळात पंख निमुळता करायचाच कशाला? पंखाच्या टोकाशी खालची जास्त दाबाची हवा वर उसळते, भोवरे तयार होतात आणि विमान मागे खेचलं जातं. लंबवर्तुळाकार पंखात ही ओढ कमीत कमी असते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरचे पंख तसेच होते. पण तो आकार बनवणं म्हणजे डोकेदुखी. सरळ कडांचा निमुळता पंख जवळपास तेवढंच काम करतो. वर मुळाशी मजबुती मिळते आणि टोक हलकं राहतं.

मग गंडतं कुठे? आकडेच बघा. पंखांची एकूण लांबी 120 सेंमी, रुंदी म्हणजेच कॉर्ड मुळाशी 24 आणि टोकाशी 12 सेंमी. टेपर रेशो झाला 0.5. सेकंदाला 10 मीटर वेगानं उडताना मुळाशी रेनॉल्ड्स नंबर साधारण 1 लाख 60 हजार, टोकाशी मात्र 80 हजार. हा नंबर घसरला की हवा पंखाला चिकटून राहत नाही. वेग कमी झाल्यावर टोक आधी 'स्टॉल' होतं आणि विमान त्याच बाजूला कलंडतं. म्हणूनच पहिल्या मॉडेलला 0.5च्या खाली जाऊ नका.

यावर उपाय आहे, 'वॉशआउट'. पंखाला हलका पीळ द्यायचा, म्हणजे टोकाचा कोन मुळापेक्षा 2 अंशांनी कमी राहतो. आपल्या 12 सेंमीच्या टोकाला त्यासाठी मागची कड जेमतेम 4 मिमी उचलावी लागते. दोन्ही पंखांचा पीळ सारखाच हवा, हे मात्र विसरू नका.

थर्माकोलचा पंख गरम तारेनं कापताय? ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना मोठा आणि छोटा साचा लावा. दोन्हींवर 10-10 समान भागांच्या खुणा करा. दोघांनी तार धरायची आणि मोठ्यानं आकडे म्हणत एकाच वेळी प्रत्येक खूण गाठायची. छोट्या बाजूला तार हळू सरकते, त्यामुळे तिथे थर्माकोल जास्त वितळतो. थोडी सूट ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात, धूर वाईट असतो.

आणि उडवण्याआधी दोन्ही पंख वजन करून बघा. एखादा जड निघाला, तर हलक्या टोकाला छोटं वजन चिकटवा. पाच मिनिटांचं काम, पण सेमिस्टर वाचतं!