हुकमाची तामिली

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका ज्यू पाववाल्याच्या घरी 1933 साली जन्मलेल्या स्टॅन्ली मिलग्रम यांनी डॉक्टरेटसाठी हार्वर्ड विद्यापीठाकडे अर्ज केला, तेव्हा मानसशास्त्राचा एकही विषय अभ्यासलेला नसल्याकारणाने तो प्रथम नामंजूर झाला. त्यावर राज्यशास्त्राच्या या पदवीधराने 1954 च्या एकाच उन्हाळ्यात सहा अभ्यासक्रम उरकून प्रवेश पदरात पाडून घेतला. तेथे ज्यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले, त्या सॉलोमन ॲश यांनी दाखवून दिले होते, की चारचौघांच्या भिडेस्तव मनुष्य डोळ्यांसमोरच्या रेषेची लांबीही चुकीची सांगतो. केवळ भिडेने जो इतका वाकतो, तो हुकमापुढे किती वाकेल, हा प्रश्न घेऊन मिलग्रम 1960 मध्ये येल विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले.

चार डॉलर मेहनताना आणि वर 50 सेंट जाण्यायेण्याचे, एवढ्यावर आलेल्या साध्या नागरिकाला तेथे 30 खटक्यांच्या एका यंत्रापुढे बसवीत. 15 व्होल्टच्या पहिल्या खटक्याखाली ‘सौम्य’ अशी अक्षरे, पुढे धोक्याची सूचना, आणि अखेरच्या 450 व्होल्टपाशी नुसत्या फुल्या. शेजारच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ चुकला, की एकेक खटका चढवीत जायचे, असा संशोधकाचा हुकूम. धक्के लटके होते, विद्यार्थी शिकवून ठेवलेला होता. परंतु खटका दाबणाऱ्याला याची गंधवार्ताही नव्हती. हजारात एखादाच शेवट गाठील, असा मनोविकारतज्ज्ञांचा अंदाज. प्रत्यक्षात 40 पैकी 26 जणांनी, घामाघूम होत, नखे तळव्यांत रुतवीत, हुकमाची पूर्ण तामिली केली.

या प्रयोगावरचा निबंध 1963 मध्ये प्रसिद्ध झाला आणि मिलग्रम यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण अजाण माणसांना असा मनस्ताप देण्याचा अधिकार संशोधकास कोणी दिला, हा आक्षेपही लगोलग उठला, व तो माझ्या मते मुळीच फोल नव्हता. त्याच वर्षी हार्वर्डला परतलेल्या मिलग्रम यांना तेथे कायम नेमणूक मिळाली नाही, त्यामागे हा वादही होताच. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने मात्र त्यांना थेट पूर्ण प्राध्यापकपद दिले. तेथेच असताना 1984 मध्ये, वयाच्या अवघ्या 51 व्या वर्षी, हृदयविकाराने ते निवर्तले. त्यांचे ते 30 खटक्यांचे यंत्र ओहायो राज्यातील ॲक्रन विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेले आहे.