एका पाकिटात दोन चाचण्या

४ जुलै २००५ रोजी ब्रिटनच्या आयटीव्हीवर ‘द जेरेमी काइल शो’ सुरू झाला. वेळ सकाळी ९.२५ची, घरी असलेल्या माणसांची. मँचेस्टरमध्ये आणि नंतर सॅलफर्डमध्ये चित्रित होणारा हा कार्यक्रम पुढे रोज सुमारे दहा लाख लोक बघत.

मंचावर येणारे बहुतेक गरीब, बेकार, व्यसनांनी आणि घरच्या भांडणांनी पिचलेले. मूल कोणाचं, नवऱ्याचं बाहेर काही आहे का, दागिना कोणी चोरला, असे प्रश्न. जाहिराती संपल्या की सूत्रसंचालक काइल पाकीट उघडून निकाल वाचत. मग रडारड, शिवीगाळ. अंगावर धावून गेलेल्यांना आवरायला सुरक्षारक्षक तयारच असत. पडद्यामागे समुपदेशक होते, काहींना व्यसनमुक्तीचे उपचारही मिळाले. ही मदत खोटी नव्हती. पण ती मिळवायला आधी चारचौघांत अब्रू द्यावी लागत होती.

माझा खरा आक्षेप त्या पाकिटावर आहे. त्यात कधी डीएनए चाचणीचा अहवाल असे, कधी लाय डिटेक्टरचा. पितृत्वाच्या प्रश्नाला डीएनए भक्कम उत्तर देतो. लाय डिटेक्टर म्हणजे पॉलिग्राफ मात्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजतो. खोटेपणा मोजत नाही. घाबरलेल्या निरपराध माणसाचीही नाडी धावतेच. २००९मध्ये आपल्याकडे ‘सच का सामना’ या टीव्ही कार्यक्रमाने याच यंत्राला खऱ्याखोट्याचा पंच केलं होतं. काइल दोन्ही निकाल सारख्याच ठामपणे वाचत आणि प्रेक्षकही दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवत.

२००७मध्ये एका पाहुण्याने मंचावरच दुसऱ्याला डोक्याने धडक मारली. खटल्यात न्यायाधीश ॲलन बर्ग यांनी या प्रकाराची तुलना साखळीने बांधलेल्या अस्वलावर कुत्री सोडण्याच्या जुन्या खेळाशी केली आणि निर्मात्यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला हवं, असं सुनावलं. प्रायोजक असलेल्या ‘लर्नडायरेक्ट’ या प्रौढशिक्षण सेवेने अंग काढून घेतलं. कार्यक्रम चालूच राहिला.

मे २०१९मध्ये लाय डिटेक्टरने खोटा ठरवलेल्या एका पाहुण्याने चित्रीकरणानंतर काही दिवसांतच आत्महत्या केली. तो भाग दाखवला गेला नाही. १५ मे रोजी आयटीव्हीने कार्यक्रम कायमचा बंद केला. संसदीय समितीने चौकशी केली तेव्हा चाचणी किती अचूक असते, याचं नेमकं उत्तर निर्मात्यांना देता आलं नाही. काइल समितीपुढे आलेच नाहीत. २०२१पासून ब्रिटनच्या प्रसारण नियामक ‘ऑफकॉम’ने सहभागी माणसांची काळजी घेणं वाहिन्यांना बंधनकारक केलं. २०२४मध्ये त्या पाहुण्याच्या मृत्यूचा न्यायालयीन तपास पूर्ण झाला. कार्यक्रमामुळेच हा मृत्यू झाला असं म्हणण्याइतका स्पष्ट पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यात निघाला.

तो निष्कर्ष मान्य करूनही माझं मत बदलत नाही. हा कार्यक्रम बंद करायची वेळ २००७चीच होती. इशारा भर न्यायालयात दिला गेला होता. त्यानंतरची बारा वर्षं तो केवळ प्रेक्षकसंख्येच्या जोरावर चालवला गेला.