चाकांवरच्या घरात लहान मूल : कॅराव्हॅन मुक्कामापूर्वी काय जाणून घ्यावे?

मोटारीमागे जोडलेले किंवा मोटारीतच सामावलेले छोटेसे घर घेऊन पर्यटनाला निघण्याची पद्धत आता महाराष्ट्रालाही परिचित होऊ लागली आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि त्यानंतर या प्रकाराकडे अनेक कुटुंबांचे लक्ष वेधले गेले. एक ते तीन वर्षे वयाचे मूल असलेल्या आईवडिलांना ही कल्पना विशेष सोयीची वाटते. मुलाचे अंथरूण रोज तेच राहते, दूध किंवा मऊ भात हवा त्या वेळी गरम करता येतो आणि स्वच्छतागृहासाठी रस्त्यावर शोधाशोध करावी लागत नाही.

मात्र हॉटेलात किंवा विश्रामगृहात जी काळजी व्यवस्थापनाकडून घेतली जाते, ती येथे पूर्णपणे पालकांवर येऊन पडते. गाडी धावत असताना मूल कोठे बसले आहे, गाडी उभी असताना आतली हवा कशी आहे आणि रात्रीसाठी गाडी कोणत्या जागी थांबली आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर लहान मुलाची सुरक्षितता अवलंबून असते.

कॅराव्हॅनचे दोन प्रकार

कॅराव्हॅन हा शब्द साधारणपणे दोन प्रकारच्या वाहनांसाठी वापरला जातो. पहिल्या प्रकारात इंजिन आणि राहण्याची जागा एकाच वाहनात असते. दुसऱ्या प्रकारात राहण्याची खोली म्हणजे स्वतंत्र ट्रेलर असतो व तो मोटारीमागे जोडून ओढून नेला जातो. अमेरिका आणि युरोपमध्ये दुसरा प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसतो. भारतात भाड्याने मिळणाऱ्या गाड्या बहुतांशी पहिल्या प्रकारच्या असतात.

केवळ हौसेने प्रवास करण्यासाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून 'द वाँडरर' या घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचा उल्लेख केला जातो. मुलांसाठी साहसकथा लिहिणारे ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती १८८५ मध्ये बांधून घेतली होती. पुढे १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनधारकांचा क्लब स्थापन झाला आणि मोटारी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर ही पद्धत अमेरिकेतही फोफावली.

भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने कॅराव्हॅन आणि त्यांच्या थांब्यांसाठी धोरण आखले होते. महाराष्ट्राप्रमाणेच केरळनेही २०२१ मध्ये 'केरवान केरळ' या नावाने आपली योजना जाहीर केली. महाराष्ट्राच्या धोरणात वाहनांइतकाच भर 'कॅराव्हॅन पार्क' या संकल्पनेवर आहे. पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था आणि वाहने उभी करण्यासाठी आखलेली जागा अशा सुविधा असलेल्या ठिकाणाला कॅराव्हॅन पार्क म्हटले जाते.

मुलाची जागा मोटारीत, ट्रेलरमध्ये नव्हे

ओढून न्यायच्या ट्रेलरमध्ये पलंग असतो, गादी असते आणि मूल तेथे शांत झोपलेलेही असते. त्यामुळे त्याला न उठवता पुढचा टप्पा गाठावा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह कटाक्षाने टाळावा लागतो. धावत्या ट्रेलरमध्ये सुरक्षित आसन नसते, आत काय चालले आहे हे चालकाला दिसत नाही आणि अचानक ब्रेक लागल्यास कपाटातील वस्तू मुलाच्या अंगावर येऊ शकतात. ट्रेलर दोन्ही बाजूंना डोलू लागला तर त्याचे हेलकावे आत कित्येक पटींनी जाणवतात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा मुलांसाठीचे खास आसन न वापरता वाहनातून नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांसाठीचा पट्टा उपयोगाचा नसतो, कारण तो खांद्याऐवजी गळ्यावर येतो. त्यामुळे मुलाच्या वजनाला आणि उंचीला अनुरूप असे स्वतंत्र आसन आवश्यक ठरते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. म्हणून हे आसन शक्य तितके अधिक काळ गाडीच्या मागील दिशेला तोंड करून बसवावे. संयुक्त राष्ट्रांच्या 'आर १२९' या मानकानुसार मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत हे बंधनकारक आहे.

इंजिन असलेल्या कॅराव्हॅनमध्येही एक बाब तपासून घ्यावी लागते. मागच्या भागातील काही बाके गाडीच्या बाजूला तोंड करून असतात. अशा बाकांवर मुलांचे आसन सुरक्षितपणे बसत नाही. गाडी भाड्याने घेताना पुढील दिशेला तोंड असलेली आणि पट्ट्याची सोय असलेली किमान एक जागा आहे का, हे आधीच विचारून घेणे श्रेयस्कर ठरते.

ट्रेलर ओढताना सामानाची मांडणीही महत्त्वाची असते. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवाव्यात. सर्व भार मागच्या टोकाला गेल्यास ट्रेलर डोलू लागतो आणि घाटातील वळणांवर पुढील मोटारीवरचा ताबा सुटण्याचा धोका निर्माण होतो. ट्रेलरची नोंदणी मोटारीपासून स्वतंत्रपणे करावी लागते, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

बंद खोलीतील न दिसणारा धोका

कॅराव्हॅनची खोली लहान असते. त्यामुळे एखाद्या घरात सहज विरून जाणारा धूर किंवा वायू येथे लवकर साचतो. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो व वासही नसतो. पेटलेली शेगडी, कोळशाची सिगडी, गाडीला लागून चालू ठेवलेले जनरेटर किंवा इंजिन यांतून तो निर्माण होतो. थंडीच्या रात्री ऊब मिळावी म्हणून सिगडी आत ठेवून दारे लावणे जीवघेणे ठरू शकते. लहान मुलांचा श्वसनाचा वेग मोठ्यांपेक्षा जास्त असल्याने त्यांच्यावर या वायूचा परिणाम लवकर होतो. हा वायू ओळखून इशारा देणारे छोटे उपकरण झोपण्याच्या जागेजवळ लावणे हा त्यावरील खात्रीचा उपाय आहे. छताची किंवा खिडकीची झडप रात्रभर थोडी उघडी ठेवणेही गरजेचे असते.

स्वयंपाकाच्या गॅसचे वर्तन याहून वेगळे आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका तेथेच, जेथे मूल बसते आणि रांगते. प्रवासाला निघताना सिलिंडरची झडप बंद करणे आणि मुक्कामाला पोहोचल्यावर आधी दार-खिडक्या उघडणे, हा नित्याचा क्रम असावा.

उन्हाळ्यात उष्णतेचा धोका अधिक असतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढू शकते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तुलनेत तीन ते पाच पट वेगाने तापते. त्यामुळे झोपलेल्या मुलाला 'दोन मिनिटांसाठी' गाडीत एकटे ठेवणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

मोकळे मैदान म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे

चाकांवरचे घर कोठेही उभे करता येते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक मोकळ्या जागेला मालक असतो आणि नियमही असतात. कोलकात्यातील फोर्ट विल्यम हे त्याचे ठळक उदाहरण आहे. प्लासीच्या लढाईनंतर ब्रिटिशांनी हा नवा किल्ला बांधला व १७८१ मध्ये त्याचे काम पूर्ण झाले. तोफांच्या माऱ्याला अडथळा नको म्हणून किल्ल्याभोवतीचा विस्तीर्ण परिसर मोकळा ठेवण्यात आला आणि तोच पुढे 'मैदान' या नावाने प्रसिद्ध झाला. या मैदानावर क्रिकेट रंगते, कुटुंबे फिरायला येतात, तरीही ही जमीन लष्कराच्या अखत्यारीत आहे. किल्ल्यात लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. परवानगीशिवाय येथे रात्रीचा तळ ठोकता येत नाही. पुणे, खडकी, देवळाली, कामठी या महाराष्ट्रातील लष्करी परिसरांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागते.

फोर्ट विल्यमचे नामांतर 'विजय दुर्ग' असे झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. हे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, मराठा आरमाराचे ठाणे असलेल्या विजयदुर्गावरून घेण्यात आले आहे. कोलकात्याच्या किल्ल्यातील एका दरवाजालाही 'शिवाजी द्वार' असे नाव देण्यात आले. मूळचा विजयदुर्ग २०२५ मध्येच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. कोकणात कॅराव्हॅनने जाणाऱ्या कुटुंबांच्या यादीत तो असणे साहजिक आहे. तथापि, संरक्षित किल्ल्यात मुक्काम करता येत नाही. तटावरून थेट समुद्र दिसत असला तरी अनेक ठिकाणी कठडे नाहीत, त्यामुळे चालायला नुकत्याच शिकलेल्या मुलाचा हात तेथे क्षणभरही सोडता येत नाही.

मुक्कामासाठी कॅराव्हॅन पार्क, पर्यटन विकास महामंडळाच्या निवासस्थानांचा परिसर किंवा मालकाच्या परवानगीने एखादे कृषी पर्यटन केंद्र निवडणे सोयीचे ठरते. नदीपात्र, धरणाचा काठ, समुद्राची भरतीरेषा आणि दरडीखालची जागा या चारही जागा, विशेषतः पावसाळ्यात, वर्ज्य मानाव्यात. लहान मूल काही सेंटीमीटर खोल पाण्यातही बुडू शकते. म्हणून भरलेली बादली किंवा टबदेखील मुलाच्या आवाक्यात ठेवू नये. शक्यतो अंधार पडण्यापूर्वी जागा गाठावी, म्हणजे आसपासचा परिसर नीट पाहता येतो.

विंचू, साप आणि डास

जमिनीपासून उंचावर असलेला बिछाना हा कॅराव्हॅनचा मोठा फायदा आहे. मण्यार हा विषारी साप प्रामुख्याने रात्री वावरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना त्याचा दंश होण्याचे प्रमाण मोठे आहे. हा दंश अनेकदा वेदनारहित असतो. त्यामुळे तंबूच्या तुलनेत चाकांवरची खोली निश्चितच सुरक्षित ठरते. पण मूल दिवसभर आत राहत नाही. ते बाहेरचे दगड उलटते, लाकडाच्या ढिगाऱ्यात हात घालते आणि पायरीखाली ठेवलेले बूट उचलते.

कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाचा दंश लहान मुलांसाठी विशेष घातक असतो, कारण विषाचा तोच डोस लहान शरीरात जातो. महाड परिसरात सेवा देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्रॅझोसिन या औषधाचा अशा रुग्णांवर होणारा उपयोग दाखवून दिला. पूर्वी सुमारे ४० टक्के असलेले गंभीर रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण या उपचारामुळे एक टक्क्याच्या आसपास आल्याचे त्यांच्या अभ्यासांतून पुढे आले. या कार्यासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली. मुलाला दंशानंतर दरदरून घाम आला, उलट्या झाल्या किंवा हातपाय गार पडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तातडीने आरोग्य केंद्रात न्यावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मुक्कामाच्या जागेपासून सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि त्या जागी मोबाइल संपर्क आहे का, या दोन गोष्टी निघण्यापूर्वीच ठाऊक असाव्यात.

डासांपासून संरक्षणासाठी खिडक्यांना जाळी आणि बिछान्यावर मच्छरदाणी हा उत्तम पर्याय आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारच्या झोपेतही मच्छरदाणी वापरावी. बंद कॅराव्हॅनमध्ये डासांची उदबत्ती लावणे टाळावे.

झोप, पाणी आणि दिनक्रम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षे वयाच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसातून ११ ते १४ तास झोप आवश्यक असते. प्रवासाचे वेळापत्रक याच आकड्याभोवती आखावे लागते. रोज नवे गाव गाठण्यापेक्षा एकाच जागी दोन-तीन रात्री राहणे मुलाला मानवते. वरच्या बर्थवर सहा वर्षांखालील मुलाला झोपवू नये.

गाडीच्या टाकीतील पाणी धुण्यासाठी ठीक असले तरी मुलाला पिण्यासाठी उकळलेले किंवा सीलबंद पाणीच द्यावे. जुलाब सुरू झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसची एक मोठी पुडी पूर्ण विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे. तयार केलेले द्रावण २४ तासांनंतर वापरू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

हौस आणि नाइलाज

महाराष्ट्रात मुलांसह चाकांवरचा प्रवास नवा नाही. बीड आणि अहिल्यानगरसह अनेक जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगार दरवर्षी हंगामात बैलगाडी किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कारखान्यांच्या परिसरात जातात आणि चार-पाच महिने कोपीत राहतात. त्यांच्यासोबत तान्ही मुलेही असतात. पर्यटक कुटुंबाला आसन, जागा आणि प्रवासाची वेळ निवडता येते. या कुटुंबांना ती निवड नसते. ट्रॉलीत सामानावर बसलेल्या मुलाला हेलकाव्यांचा, थंडीचा, विंचवाचा आणि अस्वच्छ पाण्याचा धोका तेवढाच, किंबहुना अधिक असतो. रस्त्यालगतचे सुरक्षित थांबे, पिण्याचे पाणी आणि जवळची आरोग्य सेवा या सुविधांची गरज दोघांनाही आहे.

कॅराव्हॅन मुलाला घरासारखी ऊब देऊ शकते, पण घरातील सुरक्षितता तिच्यात आपोआप येत नाही. निघण्यापूर्वी आसन, गॅसची झडप, हवेची झरोकी आणि मुक्कामाची परवानगी तपासण्यास अर्धा तास पुरेसा असतो. सोबत लहान मूल असेल तर ही तपासणी पूर्ण झाल्याशिवाय गाडी सुरू करू नये.