तार तुटली तरी निरोप पोचला पाहिजे



पंख्यांवर चालणारी बंदिस्त कोंबडीघरे आता नाशिक, पुणे, सांगलीकडे नवलाईची राहिलेली नाहीत. एका शेडमध्ये दहा-दहा हजार पक्षी असतात. बाजू बंद असल्यामुळे पंखे थांबले की ताजी हवा आत येण्याची वाटच खुंटते. मे महिन्याच्या दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर अर्ध्या तासातच मर सुरू होऊ शकते. म्हणूनच अशा शेडला अलार्म बसवतात. वीज गेली किंवा आतले तापमान वाढले की भोंगा वाजतो आणि मालकाच्या फोनवर निरोप जातो.

आता तुम्ही शेडपासून दीड कोसावर लग्नाच्या मांडवात बसला आहात असे समजा. भोंगा तुमच्या कानावर येणार नाही. सगळी भिस्त त्या निरोपावर आणि निरोपाची भिस्त तारेवर. ही तार कधी तुटते? वळवाच्या वाऱ्यात झाड पडले की विजेचा खांब आडवा होतो आणि त्याच खांबावरून आणलेली फोनची तारही जाते. म्हणजे संकट येते तेव्हाच निरोप्याचाही पाय मोडतो. चोराला तर तार कापण्याची युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी काय करतो, ते तुम्ही जाणताच.

जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनमध्ये एक गुण होता. त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून त्याच तारेने येई. त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन चाले. आता घरोघरी फायबर आले. वेग वाढला, यात शंका नाही. पण काचेच्या तंतूतून वीज येत नाही. घरातली फायबरची पेटी आणि राउटर आपल्याच विजेवर चालतात. वीज गेली की दोन्ही मुके होतात. ज्यांनी वायफायवर अलार्म जोडला आहे, त्यांनी ही गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. वीज गेल्याचा निरोप विजेवरच चालणाऱ्या पेटीकडे सोपवलेला असतो!

यावर तोड म्हणजे सिम कार्ड असलेली एक लहान पेटी. इंग्रजीत तिला सेल्युलर कम्युनिकेटर म्हणतात. ती अलार्मच्या पॅनेलला जोडतात. पॅनेल फोनच्या तारेवर सतत नजर ठेवते. तारेतला दाब उतरला की थोडे सेकंद वाट पाहते, कारण क्षणभराच्या खंडाने उगाच धावपळ नको. तरीही तार मेलेलीच दिसली की ते निरोप सिमच्या वाटेने मोबाइल टॉवरकडे पाठवते. शिवाय ‘तार बंद आहे’ असेही कळवते. ही पेटी बॅटरीवर चालली पाहिजे. पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्टची बंद बॅटरी असतेच. तिची प्रकृती मात्र पाहत जा. टूजीची पेटी टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपियरपर्यंत वीज ओढते. बॅटरी थकलेली असली तर पेटी ऐन निरोप पाठवतानाच बंद पडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वरचा दिवा लागलेला असतो, म्हणून आपण निर्धास्त असतो.

पेटी निवडताना दुकानदाराला एकच विचारा: ही टूजी की फोरजी? जिओचे जाळे टूजीवर चालत नाही. त्यामुळे टूजीच्या पेटीत जिओचे सिम निरुपयोगी. आपल्या शेडवर कोणत्या कंपनीची रेंज खरोखर मिळते, ते आधी उभे राहून पाहा आणि मग सिम घ्या. अमेरिकेत २०२२ साली मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी सेवा बंद केली, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या अलार्मच्या पेट्याही बदलाव्या लागल्या. म्हणून नवी घ्यायचीच असेल तर फोरजीची घ्यावी, असे माझे मत.

पत्र्याच्या शेडमध्ये रेंज दबते. पेटी आत राहू द्या, अँटेना मात्र पत्र्याबाहेर उंचावर लावा. रिचार्जचे काय? कोंबड्यांच्या खाद्याची तारीख आपण विसरत नाही, पण पेटीतल्या सिमची मुदत हमखास विसरतो. वर्षाचे रिचार्ज एकदमच करून टाकावे हे बरे.

टॉवरही अमर नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक गावांत बरेच दिवस बंद होते. तेव्हा शेडवरचा भोंगा काढून टाकू नका. वाऱ्यापावसाच्या दिवसांत रात्री शेडवर माणूस झोपलाच पाहिजे.

बऱ्याच पेट्यांत रोज ठराविक वेळी ‘सर्व ठीक’ असा संदेश पाठवण्याची सोय असते. ती सुरू करून घ्या. संध्याकाळी सातचा संदेश आला नाही, तर तीच धोक्याची सूचना समजावी. महिन्यातून एकदा फोनची तार किंवा राउटर हाताने काढून ठेवा, मग शेडचा मुख्य स्विच पाडा आणि घड्याळ लावून निरोप किती वेळात येतो ते पाहा. मात्र ही परीक्षा गार सकाळी, जनरेटरपाशी माणूस उभा करूनच करावी.

शेवटी नंबरांविषयी. रात्री नुसत्या संदेशाने कोणी जागे होत नाही, म्हणून पेटीने कॉलच केला पाहिजे. पेटीत एकाहून अधिक नंबर घालता येतात. पहिला मालकाचा, हे ठीक. पण दुसरा घरातल्या बाईमाणसाचा घाला, कारण दुपारी शेडच्या सर्वांत जवळ बहुधा तीच असते. जनरेटर हाताने कसा सुरू करायचा आणि बाजूचे पडदे कसे सोडायचे, ते तिलाही दाखवून ठेवा. तिसरा नंबर बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचा, आणि शेडची एक किल्ली त्याच्याकडेही असू द्या.