विश्लेषण : ‘एल्डन रिंग’मध्ये ‘ईझी मोड’ का नाही?

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा ‘एल्डन रिंग’ २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट गेम ठरला. त्यात सोपी किंवा अवघड पातळी निवडण्याची सोय नाही. मग नवखा खेळाडू टिकतो कसा?

उत्तर नकाशात आहे. सुरुवातीलाच सोनेरी चिलखतातला बलाढ्य घोडेस्वार दिसतो. पण त्याच्याशी लगेच भिडण्याची सक्ती नाही. वळसा घालून दुसरीकडे जावे, लहान शत्रू मारून ‘रून्स’ जमवावेत, त्यातून ताकद वाढवून परतावे. मात्र मेल्यास जवळचे रून्स तिथेच पडतात आणि ते उचलण्याआधी पुन्हा मेल्यास कायमचे जातात. त्यामुळे कधी लढायचे आणि कधी काढता पाय घ्यायचा, हे ठरवण्यातच खेळाडूची कसोटी लागते.