कॅशबॅकमधील सुटे पैसे जातात कुठे? पूर्णांकनाचा नियम आणि कार्डधारकाचा हिशेब

जयनगर (बेंगळुरू) : येथील चौथ्या ब्लॉकच्या बाजारात सकाळी फेरी मारणाऱ्या एखाद्या रहिवाशाचा खर्च असा असू शकतो : दर्शिनीत उभ्याउभ्या घेतलेली इडली आणि फिल्टर कॉफी ६० रुपये, पूजेची फुले ४५ रुपये, भाजी ८५ रुपये आणि औषधे १४९ रुपये. चारही ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन होतो. मात्र पैसे बचत खात्यातून न जाता यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावर नोंदले जातात. कार्डाच्या जाहिरातीत ‘प्रत्येक खरेदीवर एक टक्का कॅशबॅक’ असे आश्वासन असते. एकूण खर्च ३३९ रुपये. त्याचा एक टक्का म्हणजे ३ रुपये ३९ पैसे.

प्रत्यक्षात खात्यात किती जमा होतील? उत्तर ३ रुपये ३९ पैसे असू शकते, ३ रुपये असू शकते, केवळ १ रुपया असू शकते आणि शून्यही असू शकते. चारही उत्तरे आपापल्या कार्डाच्या अटींनुसार बिनचूक ठरू शकतात. फरक पडतो तो पूर्णांकनाच्या, म्हणजेच व्यवहारात ज्याला ‘राउंडिंग ऑफ’ म्हणतात त्या नियमामुळे. जाहिरातीत टक्केवारी ठळक अक्षरांत असते. हा नियम मात्र अटी-शर्तींच्या पानांत कुठेतरी आत असतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाला फारसे महत्त्व नव्हते. क्रेडिट कार्ड बाहेर निघे ते विमानाचे तिकीट, शीतकपाट, दिवाळीचे कपडे अशा मोठ्या खरेदीसाठी. ६० हजार रुपयांच्या खरेदीत काही पैसे इकडचे तिकडे झाले, तरी कोणाच्या लक्षातही येत नसे. रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्डे यूपीआयशी जोडण्यास अनुमती देण्याचा प्रस्ताव जाहीर केला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही सुविधा सुरू झाली आणि चित्र पालटले. चहाच्या टपरीपासून रिक्षापर्यंतचे छोटे खर्च क्रेडिट कार्डावर येऊ लागले. देशातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या प्रारंभी १० कोटींच्या पुढे गेली. खर्चाची रक्कम जितकी लहान, तितका पूर्णांकनाचा वाटा मोठा; त्यामुळे एके काळी केवळ लेखापालांचा असलेला हा विषय आता भाजीच्या पिशवीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

पूर्णांकनाचा कोणताही नियम समजून घेताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. हिशेब प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र होतो की महिन्याच्या एकूण खर्चाचा? अपूर्णांक जवळच्या पूर्णांकाकडे नेला जातो की सरळ सोडून दिला जातो? आणि मोजणीचे एकक कोणते : पैसा, रुपया, की १००, १५०, २०० रुपयांचा टप्पा?

यांपैकी पहिल्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण सर्वाधिक परिणाम त्याचाच होतो. समजा, एका महिन्यात कार्डावर ४५, ६०, ८५, ९९, १२०, १४९, १८०, २४०, ३४९ आणि ९९० रुपये असे दहा व्यवहार झाले. बेरीज २,३१७ रुपये. एक टक्क्याने कॅशबॅक २३ रुपये १७ पैसे. महिन्याची बेरीज करून मग पैसे सोडले, तर ग्राहकाला २३ रुपये मिळतात. तोटा अवघा १७ पैशांचा. प्रत्येक व्यवहाराचा कॅशबॅक जवळच्या रुपयात नेला, तर २२ रुपये मिळतात. परंतु प्रत्येक व्यवहारातील रुपयाखालची रक्कम सोडून दिली, तर पहिले चार व्यवहार शून्यावर येतात, ९९० रुपयांच्या व्यवहाराचे ९ रुपये ९० पैसे नऊ रुपयांवर थांबतात आणि महिन्याची जमा होते केवळ १७ रुपये. म्हणजे कबूल केलेल्या रकमेपैकी चतुर्थांशाहून अधिक रक्कम वाटेतच गळाली. कार्डाचा दर कागदावर एक टक्का राहिला. हाती पडलेला दर पाऊण टक्क्याच्याही किंचित खाली आला.

आकडे लहान आहेत हे खरे. तरीही हिशेब वर्षाचा मांडून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक व्यवहारात रुपयाखालचे पैसे सुटत असतील, तर सरासरीने दर व्यवहारामागे सुमारे ५० पैसे जातात असे धरता येते. महिन्याला असे ४० व्यवहार करणाऱ्याचे महिन्याला २० रुपये आणि वर्षाला २४० रुपये गेले. एक टक्का दराच्या कार्डावर २४० रुपये मिळवण्यासाठी २४ हजार रुपये खर्च करावे लागतात. बँकेच्या बाजूने पाहिले, तर एक कोटी व्यवहारांत प्रत्येकी ५० पैसे वाचले की ५० लाख रुपये होतात. पै-पै जोडण्याची म्हण ज्या भाषेत आहे, तिच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. रुपयाचे १६ आणे आणि १९२ पै असण्याचा काळ १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा सरला.

बक्षीस गुणांच्या कार्डांवर एकक रुपयाऐवजी खर्चाचा टप्पा असते आणि तेथे गळती अधिक ठसठशीत होते. एचडीएफसी बँकेच्या रेगालिया, इन्फिनिया यांसारख्या कार्डांवर दर १५० रुपयांमागे गुण देण्याची पद्धत रुळलेली आहे. ॲक्सिस बँकेच्या अनेक कार्डांवर २०० रुपयांचा टप्पा आढळतो, तर एसबीआय कार्ड आणि आयसीआयसीआय बँकेच्या कित्येक कार्डांवर १०० रुपयांचा. अटी वेळोवेळी बदलतात. त्यामुळे आपल्या कार्डाचा चालू टप्पा तपासून घेणे इष्ट. ‘दर १५० रुपयांमागे ४ गुण’ या वाक्याचा अर्थ सामान्यतः ‘पूर्ण झालेल्या प्रत्येक १५० रुपयांमागे’ असा असतो. वरच्याच दहा व्यवहारांना व्यवहारागणिक हा नियम लावला, तर पहिले सहा व्यवहार रिकामे जातात. १८० आणि २४० रुपयांना प्रत्येकी एक टप्पा, ३४९ ला दोन आणि ९९० ला सहा असे एकूण दहा टप्पे, म्हणजे ४० गुण मिळतात. हाच खर्च एकत्र मोजला असता, तर पंधरा टप्पे आणि ६० गुण झाले असते. एक तृतीयांश गुण गेले ते केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे.

येथे दुकानदारीतील एक जुनी सवयही ग्राहकाच्या विरोधात जाते. ९९, १४९, १९९, २९९ अशा, बाटाच्या किमती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किमती टप्प्याच्या नेमक्या एक रुपया खाली थबकतात. १४९ रुपयांच्या वस्तूला १५० चा टप्पा गाठता येत नाही. २९९ रुपयांना दोनऐवजी एकच टप्पा मिळतो, म्हणजे गुण जवळपास निम्मे. यामागे बँका आणि दुकानदार यांचे संगनमत शोधण्याचे कारण नाही. दोघेही आपापल्या सोयीचे आकडे निवडतात आणि ते आकडे एकमेकांच्या शेजारी येऊन पडतात.

मोठ्या खरेदीत हा प्रश्न विरून जातो. ६० हजार रुपयांच्या शीतकपाटावर १५० च्या टप्प्यामुळे वाया जाऊ शकणारा खर्च जास्तीत जास्त १४९ रुपयांचा, म्हणजे एकूण रकमेच्या पाव टक्क्याहून कमी. कॅशबॅकचा दर चढा असला तरी तीव्रता घटते : पाच टक्के दराने दर २० रुपयांना एक रुपया तयार होतो, एक टक्क्याने त्यासाठी १०० रुपये लागतात. पूर्णांकनाची झळ बसते ती कमी दराच्या कार्डावर बारीकसारीक खर्च करणाऱ्याला.

मग बँका जवळच्या रुपयात पूर्णांकन का करीत नाहीत? त्यामागे एक व्यावहारिक अडचण आहे. जवळच्या रुपयाचा नियम असेल, तर ५० रुपयांच्या खरेदीवरील ५० पैशांचा एक रुपया होतो आणि एक टक्क्याचा दर दोन टक्के बनतो. हजार रुपयांचे बिल पन्नास-पन्नासच्या वीस तुकड्यांत चुकते केले, तर दहाऐवजी वीस रुपये पदरात पडतात. हिशेबी ग्राहक अशी फट फार काळ मोकळी ठेवत नाहीत. शिवाय कॅशबॅकचा पैसा मुख्यतः व्यापाऱ्याकडून मिळणाऱ्या शुल्कातून उभा राहतो आणि छोट्या व्यापाऱ्यांकडील २,००० रुपयांपर्यंतच्या रुपे-यूपीआय व्यवहारांवर हे शुल्क न आकारण्याचे धोरण राष्ट्रीय देयके महामंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्येच जाहीर केले होते. ज्या व्यवहारातून उत्पन्न नाही, त्यावर बक्षीस देताना बँकेने हात आखडता घेणे अनपेक्षित नाही. मात्र तुकडे पाडण्याच्या युक्तीवर महिन्याच्या बेरजेवर एकदाच पूर्णांकन करणे हाही तितकाच पक्का उपाय आहे आणि त्यात ग्राहकाचे नुकसान एका महिन्यात एका एककाहून कमी राहते. अडचण खरी असली, तरी तिच्यावरचा उपाय निवडताना तो बँकेच्या सोयीचा निवडला गेला, असेच म्हणावे लागते.

इतर ठिकाणी पूर्णांकनाचे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयात नेली जाते. ५० पैसे वा अधिक असतील तर वर, कमी असतील तर सोडून द्यायचे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम २८८अ आणि २८८ब यांनी करपात्र उत्पन्न व कर दहा रुपयांच्या जवळच्या पटीत आणण्याची पद्धत घालून दिली. ठेवींवरील आणि कर्जांवरील व्याजाचे व्यवहार जवळच्या रुपयात पूर्ण करावेत, ५० पैसे व त्यावरील रक्कम पुढच्या रुपयात धरावी, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना होती. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाच्या मानकाचा. आणि दुसरा, आयएस २, हा संख्यांच्या पूर्णांकनाच्या नियमांचा आहे, ही बाब सहसा ठाऊक नसते. त्या मानकानुसार शेवटी नेमका अर्धा उरला, तर जवळच्या सम अंकाकडे वळायचे, जेणेकरून वर जाणे आणि खाली येणे दीर्घ काळात समसमान राहील. या सर्व नियमांचे सूत्र एकच : अपूर्णांकाने सतत एकाच बाजूला झुकू नये. कार्डावरील बक्षिसे ही कर किंवा व्याज नसून बँक आणि ग्राहक यांच्यातील कराराचा भाग आहेत. त्यामुळे तेथे करारात लिहिलेली पद्धतच लागू होते.

सतत एकाच बाजूला झुकल्याने काय होते, याचे अभ्यासकांत प्रसिद्ध असलेले उदाहरण कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराचे आहे. जानेवारी १९८२ मध्ये तेथे १,००० अंकांपासून एक निर्देशांक सुरू झाला. दिवसभरात हजारो वेळा होणाऱ्या प्रत्येक फेरगणनेत दशांश चिन्हानंतरचे तीन अंक ठेवून पुढचे अंक छाटले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास आला होता. चूक सापडल्यावर नव्याने गणित केले, तेव्हा खरा आकडा १,०९८ च्या वर निघाला. बाजार पडलाच नव्हता; दर खेपेला एका सहस्रांशाहूनही लहान तुकडा गळत होता, एवढेच.

कार्डाच्या मासिक विवरणपत्रात आणखी एक विसंगती दिसते. नावेची बाजू पैशापर्यंत काटेकोर असते. ४९९ रुपये वार्षिक शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, की रक्कम होते ५८८ रुपये ८२ पैसे. त्यातील ८२ पैसे सुटत नाहीत. जमेच्या बाजूला कॅशबॅक मात्र अखंड रुपयांत. वस्तू परत केली, तर हिशेब आणखी गुंततो. ३४९ रुपयांच्या खरेदीवर ३ रुपये मिळाले आणि त्यातील १५० रुपयांची वस्तू परत गेली, तर वळती करायची रक्कम १ रुपया ५० पैसे. देताना पैसे सोडले आणि परत घेताना ती रक्कम २ रुपयांवर नेली, तर १९९ रुपयांच्या उरलेल्या खरेदीवर हाती राहतो एक रुपया. गुण रोखीत बदलण्याच्या विनंतीमागे काही बँका ९९ रुपये आणि त्यावर कर असे शुल्क घेतात. थोडेच गुण जमलेल्या ग्राहकाचे बक्षीस तेथेच संपते.

आपल्या कार्डाचा नियम ओळखण्यासाठी गणिती असण्याची गरज नाही. अटींमध्ये ‘प्रत्येक व्यवहारावर’, ‘पूर्ण टप्प्यामागे’, ‘किमान व्यवहार रक्कम’ आणि ‘जवळच्या पूर्णांकात’ हे शब्द शोधावेत. ते सापडले नाहीत, तर विवरणपत्रच बोलके ठरते. एक टक्का दराच्या कार्डावर १९० रुपयांच्या एकट्या खरेदीला २ रुपये दिसले तर पूर्णांकन जवळच्या रुपयात होते, १ रुपया दिसला तर पैसे छाटले जातात, आणि १ रुपया ९० पैसे दिसले तर काळजीचे कारण नाही. छाटणी होत असल्यास छोट्या खरेद्या शक्य तेथे एका बिलात आणणे फायद्याचे. दूधवाल्याचे किंवा वाण्याचे महिन्याचे खाते ठेवून शेवटी एकदाच रक्कम चुकती करण्याची जुनी रीत येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते, कारण वहीतली बेरीज टप्प्यांची गळती आपोआप थांबवते. मात्र केवळ टप्पा गाठण्यासाठी गरज नसलेली वस्तू घेणे तोट्याचे : दीड रुपयाच्या बक्षिसासाठी ५० रुपयांचा जादा खर्च कोणत्याच पूर्णांकनात बसत नाही.

जमा झालेली रक्कम लिखित अटींशी जुळत नसेल, तर प्रथम कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते; नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेने त्यासाठी देशभर एकच खिडकी उघडली. तक्रारीसोबत व्यवहारांच्या तारखा, रकमा, जमा झालेला कॅशबॅक आणि त्या तारखेला लागू असलेल्या अटींची प्रत जोडावी. अटी संकेतस्थळावर बदलत राहतात. म्हणून कार्ड घेतानाच त्यांची प्रत जपून ठेवलेली बरी.