बांध गेले, लावे गेले

१९२४ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवरचे बडे जमीनदार चिंतेत पडले होते. थॉमसव्हिल ते टॅलहासी या ‘रेड हिल्स’ पट्ट्यात उत्तरेकडच्या धनिकांनी खास शिकारीसाठी इस्टेटी घेतलेल्या. घोडे, पॉइंटर कुत्री, खेचरांची गाडी असा सगळा लवाजमा तयार, पण ज्यांच्यासाठी हे सारं, ते बॉबव्हाइट लावेच कमी होत चाललेले. जमीनदारांनी पदरचे पैसे घालून सरकारी खात्याकडून अभ्यास करवून घेतला. ते काम हर्बर्ट स्टॉडर्डकडे आलं.

१९३१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि त्यातला निष्कर्ष वनखात्याला झोंबला. आग हा जंगलाचा शत्रू, असं खातं गावोगाव सांगत होतं. स्टॉडर्ड म्हणत होता, लाव्यांना आग हवी. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम भुंग्याएवढं. त्याला पायाखाली मोकळी माती लागते, टिपायला किडे लागतात आणि ससाण्यापासून लपायला डोक्यावर झाडोरा लागतो. दर एक-दोन वर्षांनी तुकड्यातुकड्यांनी जाळलेल्या विरळ पाइनच्या रानात हे सगळं मिळतं. आग थांबली की गचपण माजतं आणि पिल्लांची वाट बंद होते.

इतरत्र लाव्यांना आसरा होता तो गबाळ्या शेतीचा. छोटी शेतं, झुडपांनी भरलेले बांध, मधूनच पडीक तुकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरांनी बांध मोडले, तणनाशकं आली, कुरणांत फेस्क्यू गवताची दाट गादी बसली. १९६६ पासूनच्या पक्षीगणनेत बॉबव्हाइट ८० टक्क्यांहून अधिक घटले.

शिकाऱ्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण लावे घटले तसे शिकारीही घटले, तरी लावे परतले नाहीत. उलट १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळू लागला होता. काहींनी पिंजऱ्यात वाढवलेले लावे सोडून बार उडवण्याची हौस भागवली. असे पक्षी रानात फारसे टिकत नाहीत.

स्टॉडर्डचा वारसा १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘टॉल टिंबर्स’ संशोधन केंद्राने चालवला. रेड हिल्समध्ये आजही ठरवून आग लावली जाते आणि रानलावे तिथे टिकून आहेत. मात्र शिकारीसाठी राखलेली इस्टेट सगळ्यांना परवडत नाही. म्हणून २००४ पासून सरकार शेताच्या कडेची पट्टी गवताला सोडणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला देतं. लाव्यांचं पुढचं भवितव्य या पट्टीवर ठरेल. शेतकऱ्याला ती नांगरण्यापेक्षा राखणं परवडलं पाहिजे.